कुऱ्हाडीला नाव नसतं

गयाबाईच्या गाण्याच्या कॅसेटच्या कव्हरवर छापायला तिच्याविषयी चार ओळी लिहून द्या, असं कॅसेट काढणाऱ्या मोघ्यांनी पत्रात कळवलं होतं. मी लिहायला बसले. चार ओळींत बसले ते फक्त टाके : डोक्याला पाच, डाव्या भुवईला तीन, दंडाला चार. हे सगळे मी घातलेले. तिच्यामुळे दुसऱ्यांना घालावे लागले ते वेगळे. तो कागद मी पाठवला नाही. गयाबाई या दिवाळीच्या आधी गेली, तेव्हा आता हे लिहिणं लांबलं तरी हरकत नाही.

मी नर्स. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्याच्या आदल्या वर्षी ताडकळसच्या पलीकडच्या एका गावात उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली. माझं माहेर बोरीचं, शेतकऱ्याघरचं. दोनदा बदली झाली, दोनदा परत त्याच गावात आले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या निम्म्या पोरांच्या नाळा मी कापल्या आहेत आणि त्या पोरांनी काही केलेलं नाही.

मला येऊन तीन आठवडे झाले असतील. दुपारी एक उंच, वाळकी बाई एका माणसाला मानगूट धरून आत घेऊन आली. माणसाच्या डोक्यातून रक्त गळत होतं. शर्टाची पुढची बाजू लाल झाली होती.

"याला शिवा," ती म्हणाली.

"कुणी मारलं?"

"मीच. खुरप्याच्या मुठीनं. पातं वापरलं न्हाई, म्हून जित्ता हाय."

तो निंदणीवरचा मुकादम होता. "मी पोलिसात जातो," तो म्हणाला.

"जा की. रुक्मीच्या पोरीच्या अंगाला कुठी कुठी हात लावला ते बी सांग तिथं. जमादाराला लय आवडंल ऐकायला."

तो बाकावर बसला. टाके घालायचा मला खरं तर अधिकार नव्हता. पण डॉक्टर ताडकळसला, आणि रक्त इथं. मी घातले. तेवढा वेळ ती उंबऱ्यावर बसून माझा ब्लीचिंग पावडरचा रिकामा डबा वाजवत होती. तळहाताच्या मागच्या बाजूनं, मनगटाजवळच्या हाडानं. मुकादम कण्हला की हात थांबायचा आणि तो गप्प झाला की परत सुरू. मला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. आठवड्यानं निंदणीच्या बायका रांगेत एक गाणं म्हणत होत्या. त्यात खुरपं होतं, रुक्मीची पोर होती, आणि शेवटच्या कडव्यात मुकादमाचं नाव होतं, बापाच्या नावासकट. पंधरा दिवसांत तो दुसरं गाव बघून गेला.

आता हे शेवटच्या कडव्याचं सांगितलं पाहिजे. भजनात काय, जलशात काय, गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. अमका म्हणे, तमका सांगे. ते नाव आलं की गाणं संपलं हे ऐकणाऱ्यालाही कळतं. गयाबाईनं ती जागा दुसऱ्याला दिली होती. ज्यानं केलं, त्याचं नाव शेवटी. मापात मारणारा दुकानदार, बायकोला उपाशी ठेवणारा सालगडी, सगळे तिथं येऊन बसायचे. मीही एकदा बसले. लसीकरणाच्या वेळी माझ्याकडच्या सुया बोथट झाल्या होत्या. "सुई न्हाई ती खिळा गं, सुमनबाईचा खिळा गं," असं वस्तीतली पोरं वर्षभर माझ्यामागं म्हणत होती. मी पुढच्या महिन्यात भांडून नव्या सुया आणल्या.

मी तिला विचारलं होतं, "तुमचं नाव का घालत नाही?"

"मी गायले ते समद्यांना दिसतंय की. मी समोर बसल्येय. त्यानं केलं ते कुनाला दिसतंय?"

तिचा आवाज गोड नव्हता. खालच्या पट्टीतला, पुरुषी, कडेला फाटलेला. साथीला डालड्याचा रिकामा डबा, दुसरं काही नाही. नवरा चुडाव्याला, स्टेशनच्या बाजूला हमाली करत होता. का सोडला, असं कुणी विचारलं की म्हणायची, "त्यानं मला एकदा मारलं, मी त्याला दोनदा मारलं. त्याला परवडलं न्हाई." आभार मानणं तिला माहीत नव्हतं. तंबाखू खायची आणि माझ्या उपकेंद्राच्या भिंतीवर थुंकायची. मी चुना लावायला लावला की लावायची, आणि चुना वाळायच्या आत परत थुंकायची.

हल्ली तिला माऊली म्हणणारे भेटतात. माऊली वगैरे ती नव्हती. भाऊ संपत आणि भावजय कमल यांच्याकडे राहायची. एकदा भाकर करपली म्हणून कमलच्या हाताला तिनं उलथन्याचा चटका दिला. फोड मीच फोडला. मी गयाबाईला म्हणाले, "मुकादमाचं गाणं होतं. आता याचं कोण करणार?" तिनं डबा पालथा घातला आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी कमल पट्टी बदलायला आली ती तोंडाला पदर लावून हसतच.

"बाई, वन्संनी गानं केलं. माझ्या हाताचं."

"आणि शेवटी?"

"शेवटी सोताचं नाव घातलं. गया गया म्हून तीनदा. समद्या वस्तीत म्हनून दाखिवलं."

तेवढं एकच गाणं, ज्यात तिचं नाव आहे.

ठराव झाल्याची बातमी रेडिओवर आली. दोन दिवस गावात काही झालं नाही. संपतनं समाजमंदिराच्या भिंतीवर निळ्या रंगात विद्यापीठाचं नवं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. त्याचं अक्षर चांगलं होतं, गावातल्या सगळ्या पाट्या तोच रंगवायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एका पोराला ट्रिपल लसीचं इंजेक्शन देत होते, तेव्हा धूर दिसला. पोराची आई पोर उचलून पळाली. मी पिशवी घेतली.

वस्तीच्या वाटेवर एक ओळखीचा माणूस रॉकेलचा डबा घेऊन उभा होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण मी दोन महिन्यांपूर्वी केलं होतं.

"बाई, तुमी नका जाऊ. तुमचं काय काम न्हाई तिथं."

"माझंच काम आहे. सरक."

तो सरकला. डबा मात्र खाली ठेवला नाही.

घरं पेटलेली होती. दाव्याला बांधलेली एक शेळी तशीच जळाली होती. बायका पोरांना घेऊन ओढ्यात उतरल्या होत्या. समाजमंदिरासमोर संपत पालथा पडला होता. गावातल्या लोकांनी त्याला तिथं आणून ती अक्षरं जिभेनं पूस म्हटलं. तो नाही म्हणाला. आठ जणांनी धरला आणि एकानं मानेच्या बाजूला कुऱ्हाड घातली. हे मला त्याच वेळी गयाबाईनं सांगितलं, एकेकाचं नाव घेऊन. तिच्या डोक्यात काठी बसली होती, रक्त कानावरून गळ्यात उतरत होतं आणि आवाज अगदी सरळ होता. कुऱ्हाड घालणारा बळीराम पाटलाचा उत्तमराव होता.

मी संपतच्या मानेच्या जखमेत कापड भरलं आणि तिचा हात त्यावर दाबला. "हात काढायचा नाही," म्हणाले. "काही झालं तरी."

एस.टी. बंद होती. बैलगाडीतून परभणीला निघालो. ताडकळस ओलांडायच्या आत संपतची नाडी गेली. मला कळलं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती गाडीतून उतरून कुठं गेली असती आणि कुणाला काय केलं असतं, ते मला दिसत होतं. परभणीपर्यंत तिनं हात काढला नाही. दवाखान्यात तिची बोटं एकेक करून उचलावी लागली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, तुमाला कवा कळलं?"

मी म्हणाले, "ताडकळसला."

"मला बी तिथंच," ती म्हणाली.

ताडकळसच्या बाजारात रऊफभाईंचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, उरूस, जयंती, सगळीकडे त्यांचाच भोंगा. हैदराबादेहून आणलेलं एक जुनं स्पूलचं, म्हणजे मोठ्या चाकावरच्या फितीचं, टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे होतं. महिनाभरानं गयाबाई त्यांना म्हणाली, "माझं गानं भरून घ्या. उद्या मला मारलं तर गानं ऱ्हायलं पाहिजे." ते मशीन घेऊन समाजमंदिरात आले. मी जळालेल्यांच्या पट्ट्या बदलायला तिथंच होते. अजून उजेड होता. तीसेक माणसं बसली होती, दाराला आतून कडी.

ती संपतचं गाणं म्हणायला लागली. दुसऱ्या कडव्याला पत्र्यावर पहिला दगड पडला. सगळे दचकले. रऊफभाईंच्या मशीनचा आवाज दाखवणारा काटा शेवटापर्यंत गेला. ती थांबली नाही. दुसरा पडला. मग तिनं हात डब्यावर वर धरून ठेवला, आणि तिसरा पडला तसा खाली मारला, जणू तो दगड तिनंच मागवला होता. चौथा खिडकीतून आत आला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त गेलं, तर तिनं तो डोळा मिटला आणि दुसरा उघडा ठेवून शेवटचं कडवं म्हटलं :

*आठ जनांनी धरला भाऊ, एकानं घातला घाव गं,*
*कुऱ्हाडीला नसतं नाव गं, हाताला असतं नाव गं,*
*बळीरामाचा उत्तमराव, त्या हाताचं नाव गं.*

रऊफभाईंनी स्पूल काढून माझ्या पिशवीत टाकलं. "नर्सबाई, ये तुम रखो. मेरे कने रहा तो जला देंगे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानात माणसं शिरली. मशीन रस्त्यावर आणून फोडलं. टेप कुठं आहे सांगत नाहीत म्हणून उजवा हात शटरखाली धरला आणि शटर ओढलं. चार बोटं गेली. रऊफभाई एवढंच म्हणत राहिले, "जल गया, जल गया."

तिथून तिघं माझ्याकडे आले. पुढं उत्तमराव.

"बाई, ते टेप कुठी हाय?"

"बघून घ्या."

त्यांनी कपाट उपसलं, गादी फाडली, औषधाच्या बाटल्या फोडल्या. टेबलावर माझी बाळंतपणाची पिशवी होती. पहाटेच एका बाईला मोकळं केलं होतं. मी पिशवी उघडून पुढं सरकवली. वर रक्तानं भिजलेली फडकी होती. "एवढं बघायचं राहिलं," मी म्हणाले. "हात घाला."

उत्तमराव उंबऱ्यापर्यंत मागं गेला. तोंड फिरवून म्हणाला, "झाका, झाका ते. विटाळ हाय." महिन्यापूर्वी माणसाच्या मानेत कुऱ्हाड घालणाऱ्याला बाळंतिणीच्या रक्ताचा विटाळ झाला. स्पूल फडक्यांखाली रबरी कापडात होतं.

खटला उभा राहिला. साक्षीदारांना काही दिसलं नव्हतं. गयाबाई बहीण, तेव्हा तिच्या सांगण्याला वजन नाही. टेप कोर्टात वाजवा म्हणून मी वकिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, गाण्याला पुरावा म्हणत नाहीत." सगळे सुटले. उत्तमराव हार घालून बाहेर आला, तेव्हा कोर्टाच्या ओसरीवर गयाबाई बाकड्यावर हात मारून शेवटचं कडवं म्हणत होती. एक शिपाई तिला ओढायला गेला. तिनं त्याच्या कानाखाली मारली. दुसऱ्याच्या काठीनं तिचं डावं मनगट मोडलं. ते हाड वाकडं बसलं. पुढं ती उजव्या हातानंच वाजवायची.

त्या दिवसानंतर संपतला कुणी मारलं, हे फक्त दोन ठिकाणी उरलं. तिच्या तोंडात आणि माझ्या स्पूलवर.

रऊफभाई डाव्या हातानं काम शिकले. कॅसेटी आल्यावर त्यांनी त्या स्पूलवरून कॅसेट केली. तिच्यावरून कुणीतरी दुसरी, तिच्यावरून तिसरी. परभणीच्या फुटपाथवर, नांदेडला जयंतीच्या मांडवात मी ते गाणं ऐकलं आहे. खरखर इतकी, की बाई गाते की पिठाची गिरणी चालते हे कळू नये. तरुण गायक डालड्याचा डबा घेऊन बसायला लागले. हाडानं वाजवायला लागले. गाणारी कोण, हे एकालाही माहीत नव्हतं. कसं असणार? गाण्यात नावच नव्हतं. कॅसेटीवर कुणी 'पारंपरिक' लिहायचं, कुणी सरळ स्वतःचं नाव. गयाबाईला मी हे सांगितलं तर म्हणाली, "त्या पोरान्ला म्हनावं शेवटचं कडवं गाळू नका. बाकी काय बी करा." पण शेवटचं कडवं बहुतेक जण गाळत होते. घाबरत होते. त्यांनाही दोष देता येत नाही, रऊफभाईंचा हात सगळ्यांनी पाहिला होता.

यंदा विद्यापीठाला नाव लागलं. त्यानंतर पुण्याचे मोघे आले. जुनी ध्वनिमुद्रणं साफ करणं हा त्यांचा उद्योग. रऊफभाईंच्या ओळखीनं मी स्पूल त्यांच्याकडे पाठवलं होतं. साफ केलेली कॅसेट ऐकवायला ते एका दुपारी मूळ स्पूलसकट उपकेंद्रावर आले. मी गयाबाईला बोलावून घेतलं. ती पाटावर बसली. केस पांढरे, मनगट वाकडं, भुवईत माझे तीन टाके.

मोघ्यांचं काम चोख होतं, हे सांगितलं पाहिजे. खरखर गेली होती. तिचा श्वास ऐकू येत होता. कडव्याच्या आधी ती ओठ ओले करते, तेही. मी तिथं बसलेली होते, तरी इतकं स्पष्ट मला त्या दिवशीही ऐकू आलं नव्हतं. गयाबाई मान खाली घालून ऐकत होती. दुसरं कडवं आलं, गेलं. तिनं मान वर केली.

"दगूड कुठी गेले?"

मोघे खूश झाले. "लक्षात आलं का तुमच्या? चार मोठे आवाज होते मध्ये. फार कान फाडत होते. नकलेवरून ब्लेडनं कापून काढले. सांधा कुठं आहे ते कळतसुद्धा नाही."

"आन् शेवटचं?"

शेवटच्या कडव्यात दोन ओळी होत्या. तिसरी नव्हती.

"ते नाव ठेवता येत नाही हो," मोघे म्हणाले. "कोर्टात सुटलेला माणूस, उद्या आमच्यावर दावा लावेल. पण मी एक विचार केलाय." त्यांनी पिशवीतून छोटं टेपरेकॉर्डर काढलं. "तेवढी एक ओळ आता म्हणा. तुमचं नाव घालून. 'गयाबाई सांगे', असं काहीतरी. मी ती तिथं जोडतो. म्हणजे गाणं कुणाचं ते सगळ्यांना कळेल. इतकी वर्षं लोकांनी चोरलं तुमचं गाणं."

माणूस भला होता. मलाही पटलं. मी म्हणाले, "गयाबाई, घाला नाव. नाहीतर तुम्हाला कोण ओळखणार?"

ती म्हणाली, "बाई, माझं नाव गान्यात कवा येतंय, तुमाला म्हाईत हाय की."

तेव्हा मला कमलच्या हातावरचा फोड आठवला.

ती मोघ्यांकडे वळली. "संपतला मी मारलं का?"

"अहो, असं कोण म्हणतंय?"

"तुमीच म्हनायलाव. मारनाराच्या जागी माझं नाव घाला म्हनायलाव."

मी मोघ्यांना शेवटच्या कडव्याची रीत सांगितली. त्यांचा चेहरा उतरला. ते मशीन बंद करायला गेले.

"ऱ्हाऊ द्या चालू," ती म्हणाली.

डबा नव्हता. तिनं माझ्या टेबलावरचा इंजेक्शनचा ट्रे ओढला, त्यातलं सामान माझ्या मांडीवर ओतलं, आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. आवाज अर्धा राहिला होता. पण दुसऱ्या कडव्यात, बरोबर त्या अक्षरावर, तिनं ट्रेवर हात असा हाणला की मोघे मागं सरकले. मग दुसरा. मग तिसरा, हात वर धरून. चौथ्याला तिनं डावा डोळा मिटला. सोळा वर्षांत एक दगड इकडचा तिकडं झालेला नव्हता. शेवटी उत्तमराव आला, बळीरामाचा, पूर्ण. मोघ्यांनी मशीनकडे परत हात पुढं केला, तर तिनं मानेनंच नको म्हटलं आणि जागच्या जागी आणखी एक कडवं केलं :

*पत्र्यावरती पडले दगूड, कुनी पुसले घाव गं,*
*पुसनाऱ्या त्या हाताचं बी मोघे हाय नाव गं.*

मोघ्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाले, "हे ठेवू?"

"ठिवा की. खोटं हाय का?"

त्यांनी ठेवलं. कॅसेट निघाली ती मूळ स्पूलवरून, दगडांसकट, नावासकट, आणि शेवटी ट्रेवरचं हे गाणं, मोघ्यांच्या नावासकट. दावा अजून कुणी लावलेला नाही. लावला तर साक्षीला मी जाणार आहे. गयाबाईचं नाव कव्हरवर आहे, जिथं असायला तिची हरकत नव्हती.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. ट्रेची कड जुनी, उडालेल्या मुलाम्याची. तिचा तळहात फाटला होता आणि रक्त माझ्या टेबलावर सांडत होतं. मी धुतला, बांधला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं.

"सुई नवी हाय का, बाई?"

"नवी आहे."

"मंग टोचा."

टाके घालू दिले नाहीत. शेतात काम आहे म्हणाली. मी बजावलं, "हात खाली सोडायचा नाही. घरी जाईपर्यंत वर धरायचा, नाहीतर रक्त थांबणार नाही." ती भिंतीवर थुंकली आणि निघाली. मी दारातून बघत होते. भर उन्हात, पाटलाच्या वाड्यावरून, दुकानावरून, वस्तीपर्यंतच्या सगळ्या वाटेनं तिनं तो हात वर धरलेला होता, मी सांगितलं म्हणून. बघणाऱ्यांना वाटत होतं, बाई घोषणा देत चालली आहे.